हिरवा महिना

९ जानेवारी

मास्तर,

तुझं यंत्र पोचलं. खोका एवढा मोठा होता की आणणाऱ्या माणसाने आधी विचारलं, "कपडे धुवायचं मशीन का?" मी म्हटलं, नाही, माझ्या भावाची माया आहे, जागा जरा जास्त खाते. त्याला विनोद कळला नाही. सही घेऊन गेला.

आपण दोघांनी फोनवर बोलायचं नाही, लिहायचं, हा नियम आईचा. फोनवर आपलं दोन मिनिटांच्या वर जमत नाही आणि मधल्यामधे तिचं डोकं दुखतं. म्हणून लिहिते आहे. एरवी 'पोचलं' एवढ्या एका शब्दात काम झालं असतं.

सोबतचा तक्ताही पाहिला. 'ताज्या भाज्यांचा रस, रोज सकाळी, उपाशीपोटी.' वर तुझा फोटो, हाताची घडी, पाठीमागे गाजरांचा ढीग. लहानपणी तू खुर्च्या मांडून आम्हाला विद्यार्थी म्हणून बसवायचास, आणि आम्ही उठून गेलो की उशांना शिकवायचास. तेव्हापासून घरात तू मास्तर. चाळिशी उलटली तरी तुला उशा मिळतातच, हे एक कौतुकच आहे. आधी पाण्याचे फिल्टर झाले, मग पाठदुखीच्या गाद्या, मग मोजून श्वास घ्यायचे वर्ग. आता भाजी. ती बिचारी आजवर स्वतःच्या हिमतीवर खपत होती.

मी बावीस वर्षं रंगाच्या दुकानात शेड जुळवते. गिऱ्हाईक पडद्याचा तुकडा घेऊन येतं, मी पांढऱ्या डब्यात थेंब मोजून रंग सोडते आणि त्या तुकड्यासारखी भिंत त्याला देते. एक थेंब इकडचा तिकडे झाला तर डबा परत येतो. त्यामुळे तुझ्या तक्त्यातलं 'मूठभर पालक' वाचून मला हसू आलं. मूठ कोणाची? तुझी की आईची? मी दुकानातला जुना काटा घरी आणला आहे. तुझी मूठ मी ग्रॅममध्ये धरणार आहे.

आई मात्र हरखली आहे. यंत्रावर हात फिरवून म्हणाली, "त्याने लक्षात ठेवलं गं." सहा वर्षांपूर्वी तिच्या हृदयात कृत्रिम झडप बसवली, तेव्हाही तू अडीच दिवस लक्षात ठेवलं होतंस. फुलं घेऊन आलास. वॉर्डात फुलं चालत नाहीत म्हणून नर्सने ती बाहेर ठेवायला लावली, तर तू बाहेर फुलांपाशीच बसून राहिलास. पुढचे एकोणीस दिवस तिच्या खाटेशेजारच्या लोखंडी खुर्चीवर मी होते. असो.

तुझ्या तक्त्यात औषधांबद्दल अवाक्षर नाही. आई रोज काय काय घेते हे तुला ठाऊक आहे का? आपलं विचारते.

ताई


२ फेब्रुवारी

मास्तर,

तुझं उत्तर वाचलं. "डॉक्टरांना औषधं कळतात, अन्न कळत नाही." वाक्य चांगलं आहे, गादीवर छापण्यासारखं. माझ्या प्रश्नाचं मात्र ते उत्तर नाही. पण मी पुन्हा विचारणार नाही. तुला एखादी गोष्ट दोनदा विचारली की तू तिचं भाषण करतोस.

रस रोज होतो. पावणेसहाला उठते. पालक तीनदा धुते, कारण मातीचा एक कण दाताखाली आला की आई पेला खाली ठेवते. गाजर सोलायचं, बीट सोलायचं, आल्याचा तुकडा, अर्धं लिंबू. बीट सोललं की माझी बोटं दिवसभर खाटकाची दिसतात. परवा एका गिऱ्हाइकाने दुकानात विचारलंसुद्धा, "हा लाल कुठला?" मग तुझं यंत्र सुरू होतं. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी पहिल्या आठवड्यात वर येऊन पाहिलं, घरात भिंत फोडतायत की काय. एवढ्या आवाजातून एक पेला निघतो. उरलेला चोथा किलोभर. तो मी कचऱ्यात टाकते. तू म्हणतोस त्याचं सूप कर. तू कर.

रंग कसा येतो सांगू? ओल्या भिंतीवर दोन वर्षं धरलेल्या शेवाळाचा. आमच्याकडे ही शेड कोणी मागितली तर मी आधी त्याच्या घरची चौकशी करीन.

आई नाक दाबून पिते. तुला ते दिसत नाही, कारण सातला तुझा व्हिडिओ फोन लागतो तेव्हा ती नाक सोडते. साडेसहापासून तिची तयारी चालते. केस विंचरते, निळा स्वेटर घालते, बटणं लावताना माझी मदत नको म्हणते. खिडकीपाशी खुर्ची, समोर स्टँडवर फोन, हातात पेला. तू म्हणतोस, "आई, एक घोट घेऊन दाखव." ती घेते आणि म्हणते, "वा." सत्तर वर्षांत तिने कुठल्या पदार्थाला 'वा' म्हटलेलं मला आठवत नाही, माझ्या हातच्या तर नाहीच.

तिची तब्येत सुधारली आहे, हे मी लपवत नाही. कोपऱ्यावरच्या बाकापर्यंत चालत जाते. भाजीवालीला सांगते, मुलगा रोज सकाळी बघतो मला. भाजीवाली माझ्याकडे बघते. पिशवी माझ्या हातात असते.

आता मुद्द्याचं. रविवारी तू तिला तुझ्या ऑनलाइन वर्गातल्या लोकांना दाखवलंस. किती जण होते, दोनशे? "ही माझी आई, वय चौऱ्याहत्तर," म्हणालास, इथपर्यंत ठीक. पुढे म्हणालास, "तिथे घरी तिला नीट बघणारं कोणी नाही, म्हणून मी इतक्या लांबून रोज लक्ष ठेवतो."

मी फोनच्या डाव्या बाजूला उभी होते, हातभर अंतरावर. हातात गाळणी होती.

आईने घोट घेतला आणि म्हणाली, "वा."

ताई


१२ मार्च

प्रिय भावास,

तुझा नवा तक्ता मिळाला. 'हिरवा महिना.' गाजर बंद, बीट बंद. फक्त पालक, कोबीची बाहेरची गडद पानं आणि काकडी, दिवसातून दोनदा, मोठा पेला. आजचा दहावा दिवस आहे. एकही चुकलेला नाही. पानांचं वजन मी रोज करते आणि तारखेपुढे लिहून ठेवते. तू विचारलंस तर दाखवता यावं म्हणून.

तू लिहितोस की माझा स्वर बदललेला पाहून तुला बरं वाटलं. मलाही बरं वाटतं आहे. तुझ्याशी वाद घालण्यात मी इतकी वर्षं उगीच घालवली. आमचे मालक नव्या मुलींना शिकवतात, गिऱ्हाइकाने स्वतःच्याच मापाचा हट्ट धरला तर हुज्जत घालू नका. तो म्हणेल तसं ढवळून द्या आणि डब्याच्या झाकणावर त्याची सही घ्या. मी ते आत्ता कुठे शिकले.

आईची महिन्याची रक्ताची तपासणी राहिली आहे, फेब्रुवारीचीही आणि या महिन्याचीही. प्रयोगशाळा दुरुस्तीसाठी बंद आहे. तू विचारलं नव्हतंस, तरी कळवते.

बाकी क्षेम. तुझ्या तक्त्याबाहेर या घरात एक पान हलत नाही.

ताई


१९ एप्रिल

मास्तर,

तू परत गेल्याला आज आठ दिवस झाले. तिथे पोचल्यावर तू मला तीन पत्रं लिहिलीस आणि तिन्हींत तेच विचारलंस, नेमकं काय झालं. तू फोनवर समोरच होतास. तरी सांगते, कारण तुला समोरचं दिसत नाही हे आता सगळ्यांनाच कळलं आहे.

मंगळवार. सात वाजून चार मिनिटं. आई खिडकीपाशी, निळा स्वेटर, हातात पेला. तू तुझ्या लोकांना म्हणालास, "हिरव्या महिन्याचा एकोणतिसावा दिवस." पेला कलला. रस तिच्या मांडीवर सांडला आणि तिने खाली पाहिलं नाही. तू म्हणालास, "आई, फोन हलला वाटतं, जरा इकडे बघ." तिने बघितलं. तोंडाची उजवी बाजू उतरली होती. आणि तू म्हणालास, "हस ना जरा, सगळे बघतायत."

ती हसायचा प्रयत्न करत होती. अर्धीच हसली. हे तुला ठाऊक असावं म्हणून लिहिते.

मी फोन पालथा केला आणि अँब्युलन्स बोलावली. तुला वाटलं नेटवर्क गेलं. त्यानंतर पंधरा मिनिटं तू लोकांना कोबीचे गुण सांगत होतास. हे मला तुझ्या बायकोने सांगितलं, आणि सांगताना तिने तुझी बाजू घेतली नाही.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गेल्या काही दिवसांत खाण्यात बदल?" मी पर्समधून तुझे दोन्ही तक्ते काढून टेबलावर ठेवले. त्यांनी वाचले. चष्मा काढला. मग जे मला सांगितलं तेच तू आल्यावर तुलाही सांगितलं, पण तू त्या वेळी भिंतीकडे बघत होतास, म्हणून पुन्हा लिहिते. झडप बसवलेल्या माणसाला रक्त पातळ ठेवायची गोळी आयुष्यभर घ्यावी लागते. गडद हिरव्या पानांत जे जीवनसत्त्व असतं ते बरोब्बर त्या गोळीच्या उलट काम करतं. रोज ठरावीक पालेभाजी खाल्ली आणि डॉक्टरांना सांगितलं तर गोळीचं प्रमाण बसवता येतं, रससुद्धा चालतो. न सांगता एकदम एवढं वाढवलं की गोळी घेतली काय आणि न घेतली काय. रक्ताची गुठळी झाली, झडपेपासून निघाली आणि मेंदूत जाऊन अडकली.

तपासणी दोन महिने का झाली नाही असंही त्यांनी विचारलं. प्रयोगशाळेचं मी सांगितलं.

तू त्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये चार दिवस उभा होतास. यंत्रातला चहा आणायचास आणि तो गार होऊ द्यायचास. शेवटच्या दिवशी मला विचारलंस, "ताई, तुला माहीत होतं का गं?" मी काय म्हणाले ते आठवतं ना? "मी रंगाच्या दुकानात काम करते. आरोग्याचे वर्ग तू घेतोस." त्यावर तू मान खाली घातलीस.

आई जगेल. उजवा हात आणि पाय गेला आहे, थोडा परत येईल म्हणतात. बोलणं गेलं आहे. सातला फोन करू नकोस. तुझा चेहरा पाहून तिचं रक्त पातळ होणार नाही.

ताई


६ जून

मास्तर,

तुझ्या बायकोचं पत्र आलं. लिहिते की तू वर्ग बंद केलेस, लोकांची माफी मागितलीस, आता एका गोदामात खोके चढवतोस. घरी आलास की भिंतीकडे तोंड करून झोपतोस. रोज म्हणतोस, "मी माझ्या आईला मारलं." ती विचारते, ताई, तुम्ही त्याला दोन शब्द लिहाल का.

हे घे दोन शब्द. ती जिवंत आहे. हे तीन झाले, एक तुझ्या बायकोला दे.

तुझं हे रडगाणं मला नवं नाही. तुझं सगळंच प्रेक्षकांसाठी असतं. आधी दोनशे जण होते, आता एकटी बायको आहे, एवढाच फरक. खरं दुःख कसं दिसतं ते बघायचं असेल तर इथे ये आणि सकाळी एका बाईला चमचा धरायला शिकव. अर्धा तास लागतो. तो चमचा ज्या तोंडाशी जायचा ते तोंड त्याची वाट बघून थकतं. नाहीतर नको येऊस. तू आलास की कॉरिडॉर अडतो.

आई गेल्या महिन्यात घरी आली. बोलायला शिकवणारी एक तरुण मुलगी आठवड्यातून तीनदा येते, चित्रं दाखवते. घर, कप, मांजर. आईला 'पाणी' म्हणता येतं, 'नको' म्हणता येतं, मला 'बाई' म्हणता येतं. मांजराला ती कप म्हणते. त्या मुलीला वाटतं ती चुकते. मला वाटतं ती कंटाळते.

तुझं यंत्र मी खालच्या शिंपीणबाईंना देऊन टाकलं. त्यांनाही नको होतं.

आई तुझी आठवण काढत नाही. तू प्रत्येक पत्रात तेच विचारतोस म्हणून एकदाच सांगते. काढत नाही.

ताई


२७ जुलै

मास्तर,

हे पत्र बसून वाच. वाचल्यावर बायकोच्या हातात दे. ती तुला दोषी धरते आहे, तेव्हा तिलाही हे कळायला हवं.

गेल्या गुरुवारी बोलायला शिकवणारी मुलगी चित्रं आवरून निघाली होती. आईने तिचा हात धरला, सोडला, मग माझ्याकडे वळली. बराच वेळ ओठ जुळवत राहिली. मला वाटलं पाणी हवं आहे, मी उठले. ती म्हणाली, "मास्तरला सांग." थांबली. "त्याचं नाही."

चार महिन्यांतलं तिचं पहिलं वाक्य. ती मुलगी आनंदाने टाळ्या वाजवायला लागली. "काय म्हणाल्या कळलं का तुम्हाला? कोणाचं काय नाही?" मी म्हटलं, "कळलं."

त्याचं नाही तर कोणाचं, हे आईने सांगितलं नाही. माझ्याकडे बघत राहिली फक्त. तिला सगळं आठवतं आहे. मी समजत होते की बोलण्याबरोबर तेही गेलं.

मला माहीत होतं.

झडप बसवली तेव्हा हॉस्पिटलने एक पुस्तिका दिली होती. तिच्या चौथ्या पानावर हिरव्या पालेभाज्यांबद्दल लिहिलं आहे, जाड अक्षरांत. नर्सने ते पान मला वाचून दाखवलं होतं आणि 'समजलं' म्हणून खाली माझी सही घेतली होती. तू त्या वेळी बाहेर फुलांपाशी होतास. तुला कोणीच सांगितलं नव्हतं, मीही नाही. जानेवारीत तुला 'आपलं विचारते' म्हणून विचारलं, तेव्हा उत्तर माझ्या कपाटात होतं. तेव्हा मनात एवढंच होतं की तुला तोंडावर पाडायचं. तू विचारशील, "का गं?" मग मी पुस्तिका काढीन. तू विचारलं नाहीस.

जानेवारीत पानं मी बेताची घालत होते. तपासणीत थोडा फरक आला तेव्हा गोळी किंचित वाढवून घेतली आणि तुला कळवलं नाही. म्हणजे मला सांभाळता येत होतं. हे लक्षात घे. मला येत होतं.

मग तो रविवार आला. घरी नीट बघणारं कोणी नाही, म्हणालास. मी गाळणी धुतली, दुकानात गेले, दिवसभर शेड जुळवल्या, एकही चुकली नाही. संध्याकाळी परत येताना ठरवलं की आता तू सांगशील ते आणि तेवढंच करायचं. तोंडातून एक शब्द काढायचा नाही. आईचा पाय सुजेल, दम लागेल, डॉक्टर तुला झापतील आणि तुझे ते दोनशे लोक ऐकतील. एवढंच मी मनात धरलं होतं, याहून मोठं काही नाही, असं मी स्वतःला रोज सांगते. पण मापाची बाई आहे मी. कशात काय किती घातलं की काय होतं हे मला कळत नव्हतं, असं मी कोणाला सांगू?

प्रयोगशाळा बंद नव्हती. फेब्रुवारीच्या शेवटी तिथल्या नर्सचा फोन आला होता, तपासणी राहिली म्हणून. मी म्हटलं, पुढच्या महिन्यात आणते. मार्चमध्ये पुन्हा आला. मी घेतला नाही. निकाल आला असता तर मला थांबावं लागलं असतं.

आणि तक्ते. तू कधी विचारलं नाहीस की ते माझ्या पर्समध्ये कसे होते. अँब्युलन्स यायला अकरा मिनिटं लागली. आई खुर्चीत एका बाजूला कलली होती, मी तिला उशी लावली, आणि मग मी फ्रिजवरचे तक्ते काढून, घडी करून पर्समध्ये घातले. तिचं औषधांचं कार्ड घ्यायला विसरले. तुझे तक्ते विसरले नाही.

हे लिहून टाकल्यावर हलकं वाटेल असं वाटलं होतं. वाटत नाही. कॉरिडॉरमधली तुझी ती खाली घातलेली मान मी महिनाभर मनात घोळवली, बक्षीस मिळाल्यासारखी. तुला आयुष्यभर हिणवलं की तू लोकांसमोर नाटक करतोस. माझं नाटक तुझ्यापेक्षा कितीतरी बरं झालं. डॉक्टर, नर्स, शिंपीणबाई, तुझी बायको, सगळे म्हणतात काय मुलगी आहे, किती करते. मी मान डोलावते.

एक गोष्ट अजून. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आईने मला विचारलं होतं. संध्याकाळचा पेला हातात होता. "बाई, एवढं हिरवं चालतं ना गं माझ्या गोळीला?" तिला पुस्तिकेतलं पुसट आठवत होतं. मी यंत्राची पाती धूत होते. मी म्हटलं, "मला काय कळतं? तुझ्या मुलाला विचार."

तिने तुला विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सातचा फोन झाल्यावर मी तिला म्हटलं, का नाही विचारलंस. म्हणाली, "त्याला वाटेल माझा विश्वास नाही. मग सातचा फोन करायचा बंद होईल." आणि पेला संपवला. ती रसासाठी पीत नव्हती रे. तू चिखल सांगितला असतास तरी प्यायली असती. आणि मी चिखलही वजन करून दिला असता.

ती तुझी आठवण काढत नाही असं मी लिहिलं, ते खोटं आहे. ती रोज सकाळी डाव्या हाताने स्वतःची बटणं लावून खिडकीपाशी बसते. फोनचा स्टँड मी उचलून ठेवला आहे, तरी त्या जागेकडे बघते. साडेसातला मला म्हणते, "नको," आणि मी तिला आत आणते. दोन-अडीच महिने हे मी डोळ्यांनी पाहिलं आणि तुला काही लिहिलं नाही.

माफी मागत नाही. मागितली तर तू देशील, तुझा स्वभाव तसा आहे, आणि मला ती सोसणार नाही. परवा डॉक्टरीणबाईंकडे जाऊन हे सगळं सांगितलं. त्यांनी फाइलमध्ये लिहून घेतलं. पुढच्या आठवड्यापासून दुपारी एक बाई आईकडे येईल. गोळ्या ती देईल, मी नाही. हे मीच मागितलं. स्वतःच्या हाताचा मला भरवसा राहिलेला नाही.

गोदामाची नोकरी सोडायची की नाही ते तुझं तू बघ. वर्ग पुन्हा सुरू करू नकोस, तू डॉक्टर नाहीस, हे मी आजही म्हणेन. पण 'मी माझ्या आईला मारलं' हे वाक्य तू यापुढे म्हणायचं नाहीस. ते तुझं नाही.

इथे आलास तर मला काय म्हणायचं ते म्हण, नाहीतर बोलू नकोस. मी दिवसभर दुकानात असते. आई घरी असते.

हे पत्र बंद करण्याआधी मी तिला मोठ्याने वाचून दाखवलं, पहिल्या ओळीपासून. मधे दोनदा थांबले. ती थांबली नाही, हाताने 'पुढे' अशी खूण करत राहिली. पाती धुतानाच्या ठिकाणी तिने डोळे मिटले. वाचून झालं तेव्हा मी तिच्याकडे बघू शकले नाही, कागदाच्या घड्या घालत बसले. मला वाटलं ती झोपली.

मग म्हणाली, "पाठव."

ताई